मामाची मुलगी आणि कायद्याचे उत्तर

लग्नसराई जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. "मामाच्या मुलीशी लग्न कायद्याने चालते का?" यंदा तो तीन पत्रांत आला आहे. एका पत्रात तर मुलीच्या आईने आपल्या सख्ख्या धाकट्या भावालाच मुलगी द्यायचे घाटत असल्याचे लिहिले आहे आणि "आमच्यात चालते, पण सरकारात चालते का, ते कळवावे" अशी विनंती केली आहे. प्रश्न तसा वकिलाचा. पण तो आरोग्याच्या सदराला विचारला जातो, त्याअर्थी विचारणाऱ्याच्या मनात दुसरीही एक शंका असते. कायद्याचे उत्तर 'हो' आले की ती शंकाही मिटली, असा समज मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तो समज घातक आहे, म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहितो.

आधी कायदा. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज तो लागू होत नाही. या कायद्यात 'निषिद्ध नाती' दिली आहेत. त्यांत मामा-भाची, आत्या-भाचा, तसेच दोन भावांची मुले, दोन बहिणींची मुले आणि भाऊ-बहिणीची मुले ही सगळी नाती येतात. म्हणजे चुलत, मावस, आते, मामे अशी सर्व भावंडे निषिद्धच. शिवाय 'सपिंड' नात्याची आणखी एक अट आहे. आईकडून वर मोजत तीन पिढ्या आणि वडिलांकडून वर मोजत पाच पिढ्या, स्वतःची पिढी धरून, यांच्या आत समान पूर्वज असेल तर लग्न होऊ शकत नाही.

हे वाचून पुष्कळांच्या पोटात गोळा येईल. पण त्याच कायद्यात एक सवलत आहे. मुलगा व मुलगी या दोघांच्याही समाजात अशा लग्नाची रूढी असेल तर ते लग्न वैध ठरते. रूढी म्हणजे एखाद्या घरात एकदा असे लग्न झाले, एवढे पुरत नाही. ती दीर्घकाळ, अखंड आणि सर्वत्र सारखी पाळली गेलेली असावी लागते, आणि ती अवाजवी किंवा लोकहिताच्या विरुद्ध नसावी लागते. वाद कोर्टात गेला तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. सिद्ध झाली नाही तर लग्न मुळातच रद्दबातल, आणि वर एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांवर मात्र कायदा अन्याय करीत नाही. असे लग्न रद्द ठरले तरी त्यातील संतती औरसच मानली जाते.

रूढी सिद्ध न होणे ही केवळ पुस्तकी भीती नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सपिंड विवाहावरील बंदी घटनेला धरूनच आहे असा निकाल दिला. त्या प्रकरणातील बाईंचे लग्न २००७ साली रद्द ठरले होते. आपले नाते सपिंड आहे आणि हिच्या समाजात तशी रूढी नाही, हे कोर्टात दाखवून दिले होते खुद्द तिच्या नवऱ्याने! घरच्या मंडळींच्या संमतीने झालेले लग्न, पण नवऱ्याला नकोसे झाल्यावर कायद्याच्या याच कलमातून त्याला वाट सापडली. नात्यात मुलगी दिली म्हणजे ती सुरक्षित, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रजिस्टर लग्न करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या यादीत आते, मामे, चुलत, मावस ही चारही भावंडे निषिद्ध आहेत. तेथेही रूढीची सवलत आहे. पण ती रूढी राज्य सरकारने राजपत्रात जाहीर केलेली असावी लागते. "आमच्यात चालते" एवढ्या तोंडी सांगण्यावर तेथे काम भागत नाही. मुस्लिम कायद्यात चारही प्रकारच्या भावंडांत लग्न होऊ शकते, मामा-भाचीचे मात्र नाही. कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबांत सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नाला चर्चची खास परवानगी घ्यावी लागते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मामाच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेकडची चाल म्हणून बौधायन धर्मसूत्रात नोंदलेली आहे, इतकी ती जुनी आहे. अर्जुनाची सुभद्रा ही त्याच्या मामाची मुलगी, आणि अभिमन्यूची वत्सला हीही, आपल्याकडच्या कथेप्रमाणे, मामाचीच. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या नातेपद्धतींमधला दुवा असल्याचे दाखवले. उत्तरेत नात्यातले लग्न निषिद्ध, दक्षिणेत पसंतीचे, आणि आपण मधले. आपल्याकडील अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची मुलगी मात्र करीत नाहीत. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, लातूर, नांदेड या सीमेलगतच्या भागांत काही समाजांत मामा-भाचीचे लग्नही लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरातील नात्यातल्या लग्नांचे प्रमाण सुमारे ११ टक्के आढळले, तर तामिळनाडूत ते २८ आणि कर्नाटकात २७ टक्के होते. सीमेपलीकडची सोयरीक आपल्याकडे नेहमीचीच, तेव्हा हा प्रश्न आपल्या दाराशी आहे.

लोक असे का करतात हे मला कळते, आणि त्यांना अडाणी म्हणण्याची माझी तयारी नाही. मुलगी माहितीच्या घरात पडते. हुंड्याची ओढाताण कमी होते. जमीन आणि दागिना घराबाहेर जात नाही. बहिणीला माहेरचे दार उघडे राहते. कोरडवाहू भागात, जिथे एका लग्नात घर कर्जात बुडते, तिथे या गोष्टी लहान नाहीत.

पण शरीराचे शास्त्र जात, रूढी, हुंडा यांतले काही जाणत नाही. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात प्रत्येक गुणासाठी जनुकांची जोडी असते, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून. प्रत्येक माणूस, अगदी धडधाकट पैलवानसुद्धा, काही बिघडलेली जनुके बाळगून असतो. जोडीतले दुसरे जनुक चांगले असल्यामुळे त्याला काहीच होत नाही. अशा माणसाला 'वाहक' म्हणतात. आजार दिसतो तो एकाच प्रकारचे बिघडलेले जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही मुलाला मिळाले तर. परक्या घरातील दोन वाहक नेमके एकाच आजाराचे असणे दुर्मिळ. एकाच आजोबांच्या नातवंडांत ते तितकेसे दुर्मिळ राहत नाही, कारण आजोबांचे बिघडलेले जनुक मुलातून आणि मुलीतून अशा दोन्ही वाटांनी खाली उतरलेले असू शकते.

हिशेब सोपा आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा जनुके समान असतात. चुलत-मावस भावंडांतही तितकाच, आठवा. मामा आणि भाची यांच्यात चौथा. समजा एखाद्या आजाराचा वाहक दोनशे माणसांत एक आहे. वाहक मुलाने परकी मुलगी केली तर तीही वाहक निघण्याची शक्यता दोनशेत एक. त्यानेच मामाची मुलगी केली तर ही शक्यता आठात एक, आणि भाची केली तर चारात एक होते. आजार जितका दुर्मिळ तितका हा फरक मोठा. म्हणूनच जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार, रातांधळेपणापासून सुरू होऊन दृष्टी घालवणारे डोळ्यांच्या पडद्याचे आजार, मेंदूची वाढ खुंटवणारे चयापचयाचे बिघाड, हे नात्यातल्या लग्नांच्या मुलांत अधिक दिसतात.

हा हिशेब कायद्याच्या यादीशी ताडून पाहा. वडिलांच्या बाजूने पाच पिढ्यांत, म्हणजे खापरपणजोबा एक असतील तर, कायदा लग्नाला मनाई करतो. अशा भाऊबंदांत समान जनुके किती? एकशेअठ्ठाविसावा हिस्सा, एक टक्क्याहूनही कमी. तोच कायदा रूढी असेल तर मामा-भाचीला परवानगी देतो, जिथे हा हिस्सा पंचवीस टक्के आहे! आत्याची मुलगी निषिद्ध आणि मामाची मुलगी हक्काची, हा भेद शरीराला ठाऊक नाही. मुसलमानांत चुलत भावंडांत लग्न होते म्हणून नाके मुरडणारे आणि स्वतः मामाची मुलगी करणारे गृहस्थ मला भेटतात. दोघांचाही हिस्सा आठवाच. याचा अर्थ कायदा चुकीचा आहे असा नाही. त्याची यादी नात्यांची मर्यादा आणि घरातील शिस्त सांभाळण्यासाठी झाली आहे. ती आजाराची मोजपट्टी नव्हे, इतकेच लक्षात घ्यावे.

धोका किती, तेही नीट सांगायला हवे. कारण घाबरवणारे आणि झाकणारे असे दोन्ही प्रकारचे सल्लागार गावोगाव आहेत. कोणत्याही जोडप्याच्या बाळात मोठे जन्मजात व्यंग असण्याचे प्रमाण शंभरात दोन-तीन असते. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात हजारो बाळांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तेथे सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नांत हे प्रमाण शंभरात तीनवरून सहावर गेलेले आढळले. म्हणजे दुप्पट झाले हे खरे, आणि शंभरातल्या चौऱ्याण्णव बाळांना असे व्यंग नव्हते हेही खरे. "आमच्या तीन पिढ्यांत नात्यातच लग्ने झाली, सगळी मुले ठणठणीत" असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. पण त्याच्या ठणठणीतपणावर शेजारच्या घराने विसंबू नये. आणि त्याच्याच घरात पिढ्यान्पिढ्या नात्यातच लग्ने होत असतील तर पती-पत्नीतील समान हिस्सा आठव्यापेक्षा बराच वाढलेला असतो, हेही त्याला सांगावे.

आणखी एक गैरसमज माझ्या तपासणीच्या खोलीत रोज ऐकू येतो. मूल बहिरे निघाले की आजी म्हणते, "सून घरातलीच हाय, बाहेरची न्हवं, मग ह्यो रोग आला कुठनं?" सासू म्हणजे सुनेची सख्खी आत्या, तरी बोट सुनेकडेच. तिने ग्रहणात काही चिरले का, कशाला घाबरली का, काय खाल्ले, याची चौकशी सुरू होते. खरे तर असा आजार आई आणि वडील या दोघांच्या जनुकांखेरीज होऊच शकत नाही, आणि ती दोन्ही जनुके बहुधा एकाच आजोबांकडून किंवा आजीकडून आलेली असतात. म्हणजे त्याच आजीच्या माहेरच्या घरातून. हे मी चित्र काढून समजावतो तेव्हा खोलीत काही वेळ कोणी बोलत नाही.

"पहिल्या मुलात आजार आला, आता पुढची तीन चांगली होतील ना?" हाही नेहमीचा प्रश्न. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक वेळी नव्याने. आधीच्या मुलाचा हिशेब पुढच्याच्या खात्यात धरला जात नाही. दोन मुले गमावून तिसऱ्याची वाट पाहणाऱ्या घरांना हे कोणी वेळीच सांगितलेले नसते.

याउलट जे नात्यातल्या लग्नाच्या माथी मारू नये तेही पुष्कळ आहे. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असल्याने मूल अपंग होत नाही. केवळ रक्तगट तपासून "जुळते, काळजी नाही" म्हणणे निरर्थक आहे. (आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर तो वेगळा विषय; त्याला अँटी-डी इंजेक्शन आहे, आणि नात्याशी त्याचा संबंध नाही.) डाऊन सिंड्रोम आईच्या वाढत्या वयाबरोबर वाढतो, नात्याने नव्हे. हिमोफिलिया आईकडून मुलाला येतो, लग्न परक्यात केले तरी येतो.

मग नात्यातल्या लग्नावर सरसकट बंदी घालावी का? माझे मत स्पष्ट आहे: आते-मामे भावंडांच्या लग्नावर बंदी नको. बंदीने लग्ने थांबत नाहीत, लपतात. आणि वर सांगितलेल्या दिल्लीच्या प्रकरणात झाले तसे, रद्द लग्नाचा फटका बसतो तो बाईला. मामा-भाचीच्या लग्नाला असलेली रूढीची सवलत मात्र पुढील लग्नांपुरती काढून टाकावी, झालेल्या लग्नांना हात न लावता, असे मला वाटते. त्याला जनुकांचे कारण आहेच. चौथा हिस्सा हा मोठा धोका आहे. पण दुसरे कारण मला तितकेच महत्त्वाचे वाटते. या लग्नात मुलीला नाही म्हणायला जागाच नसते. मागणी घालणारा आईचा भाऊ, नकार दिला तर आईचे माहेर तुटणार. लहानपणापासून "तुला मामालाच द्यायची" हे ऐकत ती मोठी होते, आणि वयात आल्याबरोबर, अठरा पुरे होण्याची वाट न पाहता, तिला बोहल्यावर चढवण्याची घाई होते. पुढे छळ झाला तर तक्रार घेऊन जायचे कोणाकडे? सासर आणि आजोळ एकच. ज्या बाईंनी पत्र लिहिले आहे त्यांना माझे सांगणे एवढेच की, तुमच्यात चालत असले तरी हे लग्न करू नका.

दुसऱ्या टोकाचाही भ्रम नको. "आम्ही नात्यात देत नाही, म्हणजे आम्हाला धोका नाही" हे खरे नाही. शतकानुशतके एकाच लहान पोटजातीत लग्ने होत राहिली की सगळी पोटजातच दूरच्या नात्याची बनते. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचे के. थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ८१ समाजांत, मोजक्या पूर्वजांपासून वाढल्यामुळे येणारी ही एकसारखेपणाची खूण, युरोपातील फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक होती. नांदेड-चंद्रपूरपर्यंत पसरलेल्या वैश्य समाजात काहींना ऑपरेशनच्या वेळी दिल्या जाणाऱ्या स्कोलिन या औषधाचा असर लवकर उतरत नाही, हे भूलतज्ज्ञांना माहीत असते. सिंधी, लोहाणा या समाजांत थॅलेसेमियाचे, तर विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे वाहक जास्त आहेत. यांतले कितीतरी जण नात्यात लग्न करीत नाहीत.

म्हणून नाते असो वा नसो, तपासणी सुपारी फोडण्याआधी व्हावी. पत्रिका छापल्यावर केलेल्या तपासणीचा अहवाल कोणी वाचत नाही. तिची पहिली पायरी फुकट आहे. दोन्ही घरांच्या तीन पिढ्या कागदावर मांडायच्या. लग्नात वंशावळ सांगतात ती कुळी, देवक आणि पाहुण्यांची. इथे विचारायचे ते वेगळे. किती मुले पोटातच गेली, किती वर्षाच्या आत दगावली, बहिरे-मुके कोण, रात्री न दिसणारे कोण, वारंवार रक्त चढवावे लागणारे कोण, फिट्स येणारे कोण. ही माहिती म्हाताऱ्या बायकांना तोंडपाठ असते, पुरुषांना बहुधा नसते. एकच आजार दोन्हीकडे दिसला तर तिथेच थांबावे आणि जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

दुसरी पायरी रक्ताची. भारतात शंभरातले तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. साध्या सीबीसी तपासणीत त्याचा संशय येतो, एचपीएलसी तपासणीत तो पक्का होतो, आणि सिकलसेलही त्यातच कळतो. एकच जण वाहक असेल तर लग्नाला काहीही हरकत नाही. दोघेही असतील तर विचार करावा. बाकी आजारांसाठी जनुकांची मोठी तपासणी मोठ्या शहरांत होते, पण ती खर्चिक आहे. घरात आजार असेल तरच तिचा आग्रह धरावा.

ज्यांचे लग्न नात्यात झालेच आहे त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये आणि लपवूही नये. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना नाते सांगावे. केसपेपरवर लिहून घ्यायला लावावे. आधीच्या मुलाला आजार असेल तर त्याचे निदान पुढचे मूल राहण्याआधी पक्के करून घ्यावे, कारण तो आजार नेमका कळला तरच गर्भातील बाळाची तपासणी अकराव्या आठवड्यानंतर करता येते. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफी चुकवू नये. बाळ जन्मल्यावर महिन्याच्या आत कानाची ओएई तपासणी करावी. बहिरेपण तेव्हा कळले तर सहा महिन्यांच्या आत यंत्र लावून मूल बोलायला शिकू शकते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी "बोलत का नाही" म्हणून आणलेल्या मुलाची मधली वर्षे परत मिळत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र निदान व उपचार केंद्र असते, तेथे या मुलांची तपासणी मोफत होते. जाताना बाळाचे जन्माचे कागद, आईच्या गरोदरपणातील सोनोग्राफीचे अहवाल आणि वर सांगितलेला तीन पिढ्यांचा कागद बरोबर न्यावा.